गोऱ्ह्याची शिंक

बार्शीच्या लॉजवर सकाळी चूळ भरताना शिवरामच्या तोंडातलं पाणी डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. त्यांनी परत घोट घेतला, तोही गळला. मग काय गंमत आहे बघ, अशा चेहऱ्याने ते माझ्याकडे वळून हसले आणि माझ्या हातातला कंगवाच खाली पडला. हसलं होतं ते फक्त उजवीकडचं तोंड. डावी बाजू लोंबत होती आणि डावा डोळा मिटत नव्हता.

"अशी काय बघायलीस?" ते म्हणाले. शब्द ओठाच्या फटीतून वाऱ्यासारखे निसटत होते.

"तोंडावरून वारं गेलंय तुमच्या. आरशात बघा."

त्यांनी आरशात पाहिलं नाही. आधी खाटेखालची पेटी ओढली, ट्रंपेट काढला आणि ओठाला लावला. फुस्स झालं, थुंकी उडाली आणि संपलं. बसले मग ते खाटेवर, ट्रंपेट मांडीवर घेऊन.

शिवराम म्हणजे माझे यजमान. लिहायचं म्हणून नाव लिहिते आहे, तोंडाने आजही घेत नाही. मिरजेच्या बँडवाल्यांच्या घरात जन्मले, मिसरूड फुटायच्या आधीपासून वरातीत वाजवायचे. लग्नानंतर आम्ही दोघंही 'शततारका' ऑर्केस्ट्रात शिरलो, ते ट्रंपेटवर आणि मी गायला. त्या काळी गावोगाव ऑर्केस्ट्रा चालत. गणपती असो, यात्रा असो, कारखान्याचा हंगाम असो, लोक सिनेमातली गाणी ऐकायला लोटायचे. आमच्याकडे मात्र लोक गाण्यांइतकेच निमकर सरांना ऐकायला यायचे.

भास्कर निमकर आमचे मालक आणि निवेदक. पूर्वी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. वाद्यं जुळवायला वेळ लागतो, तेवढ्यात प्रेक्षक चुळबुळायला लागतात, म्हणून सरांनी एक युक्ती काढली होती. एकेक शब्द घ्यायचा आणि त्याचं मूळ सांगायचं. "ऑर्केस्ट्रा म्हणजे काय हो मंडळी? वाजवणारे? छे! ग्रीक लोकांत ऑर्केस्ट्रा म्हणजे नाचायची जागा. नटांच्या पुढ्यातलं मोकळं अंगण. पुढे तिथे वाजवणारे बसायला लागले आणि जागेचं नाव माणसांना चिकटलं. म्हणजे ही माझी सगळी माणसं," आमच्याकडे हात करून ते म्हणायचे, "मुळात जमीनच आहेत. तुडवा बिनधास्त!" लोक हसायचे. आम्हीही हसायचो, आणि हसलो नाही तर कार्यक्रमानंतर त्याची विचारपूस व्हायची.

मध्यंतराच्या आधी 'ओळख' असे. सर एकेकाचं नाव घ्यायचे, त्याच्या वाद्याच्या नावाची कुळकथा सांगायचे, मग त्याने उठून एकट्याने छोटासा तुकडा वाजवायचा. ऑगस्टिनच्या वेळेला ठरलेलं वाक्य होतं, "ॲकॉर्डियन म्हणजे जुळवून घेणारं. वाजवणाऱ्याची बायको मात्र माहेरी आहे." ती खरंच माहेरी होती. ऑगस्टिन मान खाली घालून वाजवायचा, आणि छान वाजवायचा. कारण आमच्यात एक न सांगितलेला नियम होता. ओळखीत ज्याचं नाव आलं नाही त्याने समजून घ्यायचं, पुढच्या दौऱ्याला त्याला बोलावणं नाही. सर कुणाला काढून टाकत नसत. फक्त नाव घेत नसत.

त्या सकाळी सर लॉजवर आले. शिवरामची हनुवटी बोटांनी धरून त्यांनी चेहरा इकडे तिकडे फिरवला.

"येईल परत. माझ्या मामेभावाचं आलं होतं. दोनतीन महिने लागतात. आज तू नुसता उभा राहा, ट्रंपेट ओठाला लावून. तुझं सगळं ऑगस्टिन ॲकॉर्डियनवर घेईल. कुणाला कळतंय!"

"ओळखीचं काय सर?"

"त्याची काळजी तू करू नकोस."

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

कार्यक्रमात ओळख सुरू झाली. ऑगस्टिन झाला, ड्रमवाला झाला. मग सर माइकपाशी थोडे थांबले.

"ट्रंपेट म्हणजे धाकटं शिंग. त्याचा भाऊबंद बिगुल, तुमच्या पोलीस परेडला असतो तो. बिगुल हा शब्द कुठला? लॅटिन. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गोऱ्हा, तरणा बैल! बैलाच्या शिंगाची तुतारी करायचे ना, म्हणून. तर मंडळी, आमच्याकडेही एक मिरजेचा तरणाबांड गोऱ्हा आहे. शिवराम, होऊन जाऊ दे!"

मी विंगेत होते. शिवरामने सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली, वाजव म्हणून. समोर सगळी बार्शी बसली होती. त्यांनी ट्रंपेट उचलला, फुंकर मारली आणि ओल्या चिंधीतून निघावा तसा आवाज आला. थुंकीची धार शर्टावर उतरली. एक क्षण कुणालाच काही कळलं नाही.

"गोऱ्हा शिंकला!" सर म्हणाले.

तंबू हादरला. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसत होती. शिवराम तसेच उभे, अर्धं तोंड लोंबतं, एक डोळा टक्क उघडा, आणि तेच लोकांना फार गमतीदार वाटत होतं. "पुन्हा! पुन्हा!" ओरडा झाला. सरांनी पुन्हा एकदा वाजवायला लावलं.

कार्यक्रम संपल्यावर मी सरांना गाठलं. "तुम्ही म्हणाला होता नुसतं उभं राहायचं."

"अहो वहिनी, ओघात बोलून गेलो. पण काय टाळ्या पडल्या ऐकल्यात ना? त्याचंच नाव झालं. तुम्ही तेवढ्या हसला नाहीत."

"मला हसू आलं नाही."

"येईल," सर म्हणाले.

पुढच्या गावी ओघात बोललेलं वाक्य पाठ होऊन आलं. त्याच्या पुढच्या गावी त्याच्याआधी ड्रमवर थाप पडायला लागली. तासगावला तर पोस्टरवरच छापलं होतं, 'पोट धरून हसा, गोऱ्ह्याची शिंक.' शिवरामचा चेहरा मध्यभागी, वाकडाच. बाजारात पोरं त्यांच्या मागून शिंकत फिरायची. एका म्हाताऱ्याने तर बसस्टँडवर थांबवून विचारलं, "आवो गोऱ्हा, जरा शिंका की! नात आलीया संगं." त्यांनी शिंकून दाखवलं. मी रागाने पुढे निघून गेले.

"लोकांची करमणूक होतीया, होऊ दे की," ते मला म्हणाले. "तोंड बरं हुस्तवर नाव तरी घेत्यात माझं."

तोंड बरं होईपर्यंत. त्या एका आशेवर आमचा सगळा संसार उभा होता. मी रोज गरम तेलाने त्यांचा गाल चोळायची, ते फुगे फुगवायचे. घरभर फुगे. शेजारच्या बायका विचारायच्या, वाढदिवस कुणाचा? दिवाळीच्या सुमारास त्यांचा डावा डोळा मिटायला लागला. मग एका सकाळी मिरजेच्या किल्ल्याच्या खंदकाकडून मला ट्रंपेट ऐकू आला. मी पाणी भरायला गेले होते. घागर नळाखालीच ठेवून पळत गेले. खंदकाच्या कडेला उभे राहून ते वाजवत होते, स्वर स्वच्छ आणि लांबलचक, कुठे फाटत नव्हता. मी रडले. लग्नात रडले नव्हते तेवढी रडले.

त्याच दिवशी आम्ही सरांच्या घरी गेलो. सर जाडजूड इंग्रजी शब्दकोश पुढ्यात घेऊन बसले होते. निमकरबाईंनी चहा दिला. बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, बोलायच्या कमी. शिवरामने उभं राहूनच एक गाणं पूर्ण वाजवलं. बाई दाराशी थांबून ऐकत राहिल्या.

"वा," सर म्हणाले आणि शब्दकोशाचं पान उलटलं. "पण शिवराम, चांगले ट्रंपेटवाले मिरजेत गल्लोगल्ली आहेत. तुझ्याच भाऊबंदात चार असतील. शिंकणारा गोऱ्हा महाराष्ट्रात एकच आहे. लोक विचारत येतात. मी काय सांगू त्यांना, बरा झाला म्हणून?"

"व्हय सर," शिवराम म्हणाले. "तसंच सांगायचं की. बरा झालो."

सर मोठ्याने हसले. "म्हणजे माझ्या चांगल्या चाललेल्या कार्यक्रमाला तू बरा झाल्याची शिक्षा?"

"मग काय मुद्दाम बिघडवायचं?" मी मध्ये पडले. "धडधाकट माणसाने?"

"बिघडवायलाही कसब लागतं, वहिनी. आणि मी कुठे जबरदस्ती करतो? ओळखीत मी कुणाचं नाव घ्यायचं, एवढंच माझ्या हातात असतं." त्यांनी कपातला चहा संपवला. "तुम्ही एकदा मोकळेपणी हसा हो. घरचीच माणसं हसली नाहीत तर कलाकाराला उभारी कशी येणार?"

आणि मग आमच्या घरात जे सुरू झालं ते मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. बऱ्या झालेल्या ओठांतून ती फाटकी फुस्स येईना. दोनदा कार्यक्रमात चुकून चांगला स्वर लागला आणि सरांनी डोळे वटारले. म्हणून शिवराम आरशासमोर बसून बिघडवण्याचा रियाज करायला लागले. गालाचा डावा भाग सैल सोडायचा, डोळा उघडा ठेवायचा, थुंकी कोपऱ्यात जमवायची. खंदकाकडे जाणं बंद झालं. ज्या ओठांसाठी मी महिनोन् महिने तेल चोळलं, त्यांना ते पुन्हा वाकडं व्हायला शिकवत होते. मला त्यांचा राग यायचा, सरांपेक्षा जास्त.

सोलापूरला रविवारी दुपारचा खेळ होता, गिरणी कामगारांसाठी. साडी नेसता नेसता मी त्यांना म्हणाले, "आज वाजवा."

"काय वाजवू?"

"तुम्हाला काय येतं ते. खंदकावर वाजवलं होतं ते. एकदा लोकांना ऐकू द्या, मग बघू कोण हसतंय. का जन्मभर बैल होऊन राहणार?"

"नाव न्हाई घेतलं तर?"

"तर बँडमध्ये वाजवा. वरातीत वाजवा. मी भाकऱ्या भाजीन. पण वाजवा."

त्यांनी ट्रंपेट फडक्याने पुसायला घेतला, खूप वेळ पुसत राहिले.

सर त्या दिवशी रंगात होते. "मॅटिनी म्हणजे काय? फ्रेंचमध्ये सकाळ. सोलापूरकर दुपारी तीनला सकाळ करतात!" थिएटर टाळ्यांनी भरून गेलं. ओळख आली, बिगुल झाला, लॅटिन झालं, ड्रमवर थाप पडली. "मिरजेचा गोऱ्हा!" लोक आधीच हसायला लागले होते.

शिवराम उठले आणि त्यांनी वाजवलं. सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझ्या माणसाने इतकं सुंदर कधी वाजवलं नव्हतं. ऑगस्टिनने मागून हळूच साथ धरली. मला वाटलं, आता उठेल हे थिएटर, डोक्यावर घेईल यांना.

शेवटचा स्वर थांबला तेव्हा शांतता होती. मग मागून कुणीतरी ओरडलं, "आरं शिंक की!" दुसरा म्हणाला, "पैसं परत द्या!" शिट्ट्या सुरू झाल्या. बाकडी वाजायला लागली. "गोऱ्हा! गोऱ्हा! गोऱ्हा!"

सर घाई न करता माइकपाशी आले. "मंडळी, क्षमा करा. आज आमचा गोऱ्हा माणसात आलाय." हशा पिकला. "परत गोठ्यात जायचं का, शिवराम? बघ, लोक वाट बघतायत."

शिवरामने विंगेत माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको. ते बघत राहिले आणि बघता बघता त्यांचा डावा गाल सुटला, डोळा टक्क झाला. त्यांनी ट्रंपेट उचलला आणि शिंकले. आजवरची सगळ्यात मोठी शिंक. मग एक पाय आपटून बैलासारखे डुरकले, हे नवंच होतं. थिएटर कोसळायचं बाकी राहिलं. सर हातातला माइक घेऊन थेट विंगेपर्यंत आले आणि माझ्या तोंडासमोर धरला. "आणि गोऱ्ह्याच्या लक्ष्मी! आज तरी हसणार ना?"

"माझ्या गाण्याची वेळ झालीय," मी म्हणाले. माझा आवाज सगळ्या थिएटरला ऐकू गेला. त्यावरही लोक हसले.

परतताना टेम्पोत शिवराम माझ्या शेजारी बसले होते. म्हणाले, "मला परत कवा वाजव म्हनू नगंस." मी परत कधी म्हटलं नाही.

त्याच हंगामाच्या अखेरीला निमकर सर गेले. सकाळी पेपर वाचताना छातीत कळ आली आणि खुर्चीतच मान टाकली. मिरजेत हळहळ झाली. मुलींच्या शाळेच्या सभागृहात शोकसभा ठेवली होती. निमंत्रणावर लिहिलं होतं, ट्रंपेटवर श्रद्धांजली, श्री. शिवराम. सरांच्या मित्रांनी घरी येऊन सांगितलं, सरांना आवडायचं ते भजन वाजवा, शांत, गंभीर.

मी त्यांचा पांढरा सदरा इस्त्री केला. देवाशप्पथ, मला आनंद झाला होता. आता बिगुल सांगणारा नव्हता, ड्रमवर थाप टाकायला सांगणारा नव्हता. भाऊबंदातली बँडवाली मंडळी मागे येऊन उभी राहिली होती, ऑगस्टिन आला होता. सगळं गाव गप्प बसून ऐकणार होतं. मेलेल्या माणसाच्या निमित्ताने का होईना, माझ्या माणसाला त्याचा ट्रंपेट परत मिळणार होता.

व्यासपीठावर सरांचा फोटो, त्याला भलामोठा हार. पहिल्या रांगेत निमकरबाई, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. भाषणं झाली. एकजण म्हणाले, शब्दांवर असं प्रेम करणारा माणूस पुन्हा होणे नाही. दुसरे म्हणाले, ऑर्केस्ट्रा म्हणजे नाचायची जागा हे आम्हाला सरांनी शिकवलं. माना डोलल्या, कुणी डोळे पुसले. मग शिवरामचं नाव पुकारलं गेलं.

ते चढले. फोटोला नमस्कार केला. ट्रंपेट काखेत धरून माइकसमोर उभे राहिले. मला वाटलं, दोन शब्द बोलतील.

"मंडळी," ते म्हणाले, आणि माझ्या अंगावर काटा आला. आवाज त्यांचा होता, पण थाट हुबेहूब सरांचा. शुद्ध बोलत होते, एकेक शब्द तोलून. "ट्रंपेट म्हणजे धाकटं शिंग. त्याचा भाऊबंद बिगुल. बिगुल हा शब्द कुठला? लॅटिन."

सभागृहात कुणीतरी खोकलं. ऑगस्टिनने माझ्याकडे पाहिलं.

"लॅटिनमध्ये त्याचा अर्थ काय, हे आम्हाला सरांनी शिकवलं. गावोगाव शिकवलं. ते आम्ही विसरणार नाही."

पुढे काय येतं ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. माणसांनी खाली बघायला सुरुवात केली. एकाने रुमाल तोंडात कोंबला. शिवराम फोटोकडे वळले, लोकांकडे त्यांची अर्धी बाजू होती. तीच, डावी. मला दिसलं, तो गाल हळूहळू सुटला. डोळा उघडा राहिला. त्यांनी ट्रंपेट हाराच्या जवळ नेला, इतका जवळ की झेंडूची फुलं हलली, आणि शिंकले.

पहिली हसले ती मी.

खुर्चीत बसून, तोंडावर हात न घेता, मोठ्याने. बार्शीपासून साठवलेलं हसू होतं ते, थांबता थांबेना. माझ्या मागे कुणीतरी फुटलं, मग बाजूला, मग सगळं सभागृहच सुटलं. भाषणं करणारे हसले. बँडवाली मंडळी भिंतीला टेकून हसली. व्यासपीठावरचे अध्यक्ष टेबलावर डोकं ठेवून खांदे उडवत होते. निमकरबाई एकट्या सरळ बसल्या होत्या, फोटोकडे बघत. फोटोच्या काचेवर थुंकीचे थेंब ओघळत होते. बाईंनी माझं काही वाईट केलं नव्हतं. तरीही मी हसत राहिले, आणि आज चाळीस वर्षांनीसुद्धा मला त्याचं वाईट वाटत नाही.

शिवरामने गाल जागेवर आणला, खाली उतरले आणि ट्रंपेट पेटीत ठेवला. भजन कुणी मागितलं नाही.

शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर ते थांबले. आत अजून हशा चालू होता.

"हसलीस तू," ते म्हणाले.

"हसले."

"चांगली झाली न्हवं?"

"फार चांगली झाली."

त्यांनी मान डोलावली. मग पेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ही आता माळ्यावर टाक." मी टाकली. तिथून ती त्यांनी पुन्हा कधी काढली नाही.